८५-० हा शेवटचा सामना नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत शिकागो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघावरचा लेख वाचला. इथल्या विषयावर मराठीत कुणी लिहिलं की आम्हाला बरं वाटतं, त्यामुळे लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घेतली, आणि तिथे घोळ झाला. लेखाचा सूर असा, की १९३९ साली विद्यापीठाने जुन्या प्रशिक्षकाला घरी बसवलं, मिशिगनकडून ८५-० असा मार खाऊन खेळ बंद केला, मैदान शास्त्रज्ञांच्या हवाली केलं आणि तीन वर्षांत तिथे अणुयुग उगवलं. खेळ गेला, ज्ञान आलं. वाक्य झकास आहे. पण त्यातली प्रत्येक पायरी थोडी थोडी सरकलेली आहे.

मी शिकागोतल्या हाइड पार्कमध्ये चाळीसहून अधिक वर्षं राहतो आणि निवृत्त होईपर्यंत त्या मैदानावरच नोकरी केली. मैदानावर म्हणजे अगदी शब्दशः. जुनं स्टॅग फील्ड ५६ आणि ५७ नंबरच्या रस्त्यांच्या मधे होतं. ते पाडून तिथे रेगेनस्टाइन ग्रंथालय बांधलं, ते १९७० मध्ये उघडलं. आम्ही सगळे त्याला ‘रेग’ म्हणतो. जमिनीखाली त्याचे दोन मजले आहेत, ए लेव्हल आणि बी लेव्हल. माझी उमेदीची वर्षं बी लेव्हलला पुस्तकं जागेवर लावण्यात गेली. डोक्यावर ट्यूबलाइट, पायाखाली कधीकाळचं फुटबॉलचं मैदान. हे मला कामाला लागल्यावर कुणी सांगितलं नव्हतं. कसं कळलं ते पुढे लिहितो.

आधी प्रशिक्षक. अमोस अलोन्झो स्टॅग यांना १९३९ मध्ये कुणी काढलं नाही, कारण ते तिथे नव्हतेच. १९३२ चा हंगाम त्यांचा शिकागोतला शेवटचा. वय ७० झालं, नियमाप्रमाणे निवृत्ती आली. दुसरं कसलंसं काम देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं, आणि ज्या वयात लोक नातवंडांना घेऊन बसतात त्या वयात ते कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकचे प्रशिक्षक झाले. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशातले त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली. वारले १९६५ मध्ये, १०२ वर्षांचे होऊन.

लेखात त्यांना ‘कसरतमास्तर’ म्हटलंय. ही मात्र गंमत आहे, कारण नेमकं तेच होऊ नये म्हणून पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यांना थेट प्राध्यापकवर्गात घेतलं होतं. हार्पर येलला बायबल शिकवायचे, तिथे स्टॅग त्यांचे विद्यार्थी. स्टॅगना व्हायचं होतं धर्मोपदेशक. पण व्यासपीठावर बोलणं आपल्याला जमत नाही असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते खेळाकडे वळले. हार्परनी रॉकफेलरच्या पैशावर नवं विद्यापीठ काढलं तेव्हा ग्रीक-हिब्रूच्या विद्वानांबरोबर हा तरुणही गोळा केला: २,५०० डॉलर पगार, विभागप्रमुखाचं पद आणि कायमची नोकरी. विद्यापीठाचे वर्ग १ ऑक्टोबर १८९२ ला सुरू झाले, आणि त्याच शरदात संघ मैदानात होता. खेळाडू इतके कमी, की प्रशिक्षक स्वतः खेळायला उतरत. सुरुवातीचे प्रतिस्पर्धी कोण, तर शेजारच्या हायस्कूलची पोरं.

हार्पर काही खेळवेडे नव्हते. पण इमारतींचं प्लॅस्टर ओलं आहे, माजी विद्यार्थी नाहीत, नाव कुणी ऐकलेलं नाही, अशा विद्यापीठाला वर्तमानपत्रात जागा कशी मिळणार, हे त्यांना पक्कं कळत होतं. मार्शल फील्ड या व्यापाऱ्याने मैदानाला जागा दिली. दोन वर्षांत, १८९४ च्या नाताळच्या दिवशी, हा संघ पार कॅलिफोर्नियात जाऊन स्टॅनफर्डला २४-४ हरवून आला. हल्ली ज्याला ‘बिग टेन’ म्हणतात त्या विद्यापीठांच्या संघटनेच्या संस्थापकांत शिकागो होतं. म्हणून ‘खेळ की ज्ञान’ हा प्रश्नच निदान सुरुवातीला तरी लागू नाही. हार्परनी दोन्ही एकाच गाड्याला जुंपली होती, आणि पहिली काही वर्षं गाडा पुढे ओढण्यात फुटबॉलचा खांदा बराच होता.

स्टॅगबद्दल एक सांगायचा मोह आवरत नाही. ते दारू-तंबाखूला शिवायचे नाहीत, शिवी तोंडात नाही. फार संतापले तर खेळाडूला ‘गाढव’ म्हणायचे. चूक मोठी असेल तर ‘डबल गाढव’. असं जुने लोक सांगायचे.

लेखात १९०५ च्या सामन्यावर दीड ओळ आहे. माझ्या मते या संघाचा सगळा जीव त्या एका सामन्यात आहे, म्हणून जरा थांबतो. ३० नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा दिवस, कडाक्याची थंडी, समोर मिशिगन. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचा हा संघ ५६ सामन्यांत हरला नव्हता. त्या हंगामात शिकागोला येईपर्यंत त्यांच्यावर एकाही संघाला एकही गुण घेता आला नव्हता. स्वतः त्यांनी ४९५ केले होते. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हा खेळ पाहिलेला नसेल, म्हणून एवढंच सांगतो, की चेंडू हातात असलेल्या खेळाडूला त्याच्याच गोलरेषेमागे पाडलं तर त्याला ‘सेफ्टी’ म्हणतात आणि पाडणाऱ्यांना २ गुण मिळतात. धिप्पाड माणसं तासभर एकमेकांवर आदळली, गुणफलक ०-० वरून हलेना. मग शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लाथाडलेला एक लांब चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कने गोलरेषेमागे झेलला. तो तिथेच खाली बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण तो पळत सुटला. रेषा ओलांडून मैदानात आलाही, जेमतेम एखादा यार्ड. आणि शिकागोच्या दोघांनी त्याला उचलल्यासारखं करून उलटा मागे नेऊन आपटला, रेषेच्या पलीकडे. आजच्या नियमाने जिथवर तो पोचला तिथेच चेंडू धरला असता. तेव्हा तसं नव्हतं. २-०. सामना संपला, ५६ सामन्यांची मालिका संपली, आणि मिशिगनच्या त्या हंगामाची बेरीज कायमची ४९५ विरुद्ध २ अशी राहिली. क्लार्कला लोकांनी जन्मभर त्या एका धावेबद्दल विचारलं.

म्हणून तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. लेखकाने जुन्या दिवसांना जो गुलाबी रंग दिलाय तो मला पटत नाही. त्याच नोव्हेंबरात कोलिअर्स साप्ताहिकात विद्यापीठं खेळाडू कसे ‘विकत’ घेतात यावर लेखमाला चालू होती आणि तिच्यात शिकागोचं नाव ठळक होतं. जिंकून देणारा एकरसॉल पदवी न घेताच बाहेर पडला. त्या वर्षी खेळात पोरं मरत होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा असं बजावलं होतं. चेंडू पुढे फेकायची परवानगी, जिच्यावर आजचा सगळा खेळ उभा आहे, ती त्यानंतर, १९०६ मध्ये आली. ते नियम करणाऱ्या मंडळींत स्टॅगही होते.

बिग टेनची सात विजेतेपदं झाली. शेवटचं १९२४ चं. त्यानंतर उतरण. तिला हचिन्स कारणीभूत नाहीत, हा माझा लेखकाशी मुख्य मतभेद आहे. रॉबर्ट मेनार्ड हचिन्स १९२९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, अध्यक्ष झाले, तोवर घसरण सुरू होऊन पाच वर्षं होत आली होती. आजूबाजूची सरकारी विद्यापीठं फुगत होती, प्रचंड स्टेडियम बांधत होती, खेळाडूंसाठी वेगळे सोपे अभ्यासक्रम ठेवत होती. शिकागोत पदवीचे विद्यार्थी मुळात कमी, त्यात शारीरिक शिक्षणाची पदवी नाही, आणि प्रत्येकाला तोच अवघड अभ्यासक्रम आणि त्याच परीक्षा. चांगला खेळाडू इथे कशाला येईल?

एक आला. जे बरवँगर, आयोवातल्या डब्यूक गावचा. शिक्षणाचा खर्च भागवायला फुटकळ कामं करायचा आणि शनिवारी जवळजवळ एकटा संघ ओढायचा. १९३४ मध्ये मिशिगनच्या एका खेळाडूने त्याला पाडायचा प्रयत्न केला आणि डोळ्याखाली जखम करून घेतली. तो व्रण पुढे जन्मभर राहिला. तो खेळाडू म्हणजे नंतरचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबने देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला करंडक द्यायचं ठरवलं आणि पहिला बरवँगरला दिला. पुढच्या वर्षापासून त्यालाच ‘हाइजमन ट्रॉफी’ म्हणतात. त्या १९३५ च्या हंगामात त्याच्या संघाने चार सामने जिंकले आणि चार हरले. देशातला सर्वोत्तम माणूस असून निम्मे. यावरून बाकीच्यांची कल्पना यावी. १९३६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलची पहिलीवहिली खेळाडूनिवड झाली, तिच्यात पहिलं नाव त्याचंच पुकारलं गेलं. पण पैशाचं जमलं नाही आणि तो एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. करंडक कित्येक वर्षं त्याच्या मावशीच्या घरी दाराला अडसर म्हणून होता. आता तो विद्यापीठाच्या रॅटनर क्रीडाकेंद्रात काचेच्या कपाटात आहे. मी जवळून पाहिलाय. दाराला लावायला वजन पुरेसं असणार.

आता १९३९. निकाल नुसते खाली लिहितो, त्यांना भाष्य लागत नाही. बेलॉइट या छोट्या कॉलेजकडून ०-६. वॉबॅशवर १२-२ असा विजय. हार्वर्ड ०-६१. मिशिगन ०-८५. व्हर्जिनिया ०-४७. ओहायो स्टेट ०-६१. मग ओबरलिनवर २५-० विजय. आणि २५ नोव्हेंबरला इलिनॉयकडून ०-४६. म्हणजे ८५-० नंतर हा संघ आणखी चार सामने खेळला आणि त्यातला एक जिंकला. शेवटच्या आधीच्या शनिवारी हा मरणासन्न संघ चक्क जिंकला होता. लेखातून ओबरलिन गाळलं गेल्याचं मला फार वाईट वाटलं, हसू नका. सलग तीन सामन्यांत १९३ गुण अंगावर घेऊन पुढच्या सोमवारी पुन्हा सरावाला आलेली ती पोरं होती. कुणालाही खेळण्याचे पैसे मिळत नव्हते.

२१ डिसेंबरला विश्वस्तांनी संघ बंद केल्याचं जाहीर केलं. हचिन्सनी वर्षभर आधी सॅटर्डे इव्हनिंग पोस्टमध्ये लेख लिहून हवा तयार केलीच होती: तिकिटांच्या पैशासाठी खेळ चालवणं हे विद्यापीठाचं काम नव्हे. मुद्दा बरोबर होता, आजही आहे. पण तो मांडायला त्यांना हरणारा संघ मिळाला म्हणून निभावलं. १९०५ च्या संघाला हात लावून दाखवायला हवा होता! आणि जाता जाता: त्या ३०८ गुण खाल्लेल्या संघाचे प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डला गेले आणि तिथल्या संघाने एकही सामना न हरता रोझ बोल हा मानाचा सामना जिंकला. खोट मास्तरांत नव्हती.

अणुभट्टीबद्दल. मैदान कुणी शास्त्रज्ञांना ‘बहाल’ केलं नाही. जगातली ती पहिली भट्टी शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात व्हायची होती. तिथे बांधकाम कामगारांचा तंटा झाला आणि इमारत रखडली, तेव्हा शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी प्रकल्पाचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांना सुचवलं की पश्चिमेच्या स्टँडखाली स्क्वॉशचं कोर्ट आहे, तिथे रचू. कॉम्प्टननी होकार दिला आणि अध्यक्ष हचिन्सना विचारलंच नाही. विचारलं असतं तर एका कायद्याच्या माणसाला भर वस्तीत अणुभट्टीला ‘हो’ म्हणावं लागलं असतं, आणि तो म्हणाला नसता. २ डिसेंबर १९४२ ला दुपारी ग्रॅफाइट आणि युरेनियमचा तो ढीग चालू झाला. ताकद अर्धा वॉट. अठ्ठावीस मिनिटांनी बंद केला. (रशियनांच्या कुठल्याशा भाषांतरात ‘स्क्वॉश कोर्ट’चं ‘भोपळ्याचं शेत’ झालं असा किस्सा इथे प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. मलाही पहिल्याच आठवड्यात सांगितला.) लेखकाच्या बाजूने एवढं मान्य करतो, की वर हजारो प्रेक्षक पाय आपटत असते तर खाली ग्रॅफाइटच्या विटा रचणं अवघड गेलं असतं.

१९८०च्या दशकाच्या शेवटी, हिवाळ्यातली एक दुपार. बी लेव्हलला एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले. मला वाटलं पुस्तक शोधताहेत. ते दोन रॅकच्या मधे उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘आपण आत्ता साधारण कितव्या यार्डावर आहोत?’’ मला प्रश्नच कळेना. मग त्यांनी समजावलं. १९३८ मध्ये ते इथे शिकत होते. त्या नोव्हेंबरात स्टॅग आपला पॅसिफिकचा संघ घेऊन इथे आले होते, वय ७६, स्वतःचंच नाव दिलेल्या मैदानावर पाहुणे म्हणून. पॅसिफिकने ३२-० असा विजय मिळवला. ‘‘टाळ्या कुणासाठी वाजवायच्या ते आम्हाला कळेना,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणून आम्ही म्हाताऱ्यासाठी वाजवल्या.’’ मग काठीने दिशा दाखवत त्यांनी एलिस अ‍ॅव्हेन्यूची बाजू ठरवली, पावलं मोजली, आणि एका रॅकपाशी थांबले. बायझंटाइन इतिहासाचा रॅक होता. ‘‘इथे कुठेतरी,’’ म्हणाले. नकाशे काढून खात्री करायची होती, पण त्यांना ती नको होती, मग मीही केली नाही.

लेखातली शेवटची गाळलेली गोष्ट: खेळ परत आला. १९६३ मध्ये नॉर्थ सेंट्रल कॉलेजबरोबर सामना ठेवला, तेव्हा विद्यार्थीच मैदानात ठाण मांडून बसले, फुटबॉल नको म्हणून. पण १९६९ मध्ये संघ रीतसर पुन्हा उभा राहिला. आता तो डिव्हिजन थ्री या गटात आहे, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. नवं स्टॅग फील्ड कॉटेज ग्रोव्हच्या बाजूला आहे. आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा बायको म्हणाली, प्रेक्षकांपेक्षा खेळाडू जास्त दिसतात. तसं नव्हतं, पण फार फरकही नव्हता. थेमिस्टोक्लीझ, थुसिडिडीज, पेलोपोनेशियन युद्ध आणि गंधकाम्लाचं रासायनिक सूत्र एका दमात घेणारी इथली घोषणा मी पहिल्यांदा तिथे ऐकली. घोषणा देणाऱ्या मुलीच्या मांडीवर गणिताचं पुस्तक उघडं होतं, आणि तिसऱ्या डावात तिने ते खरंच वाचायला घेतलं. शिकागो जिंकलं की हरलं ते आठवत नाही.

जुन्या संघाचं ‘मिडवेचे राक्षस’ हे टोपणनाव आणि टीशर्टवरचा तो लांबट ‘सी’, दोन्ही आज शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडे आहेत. मिडवे हा विद्यापीठाच्या दारातला हिरवा पट्टा. बेअर्सचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. नाव गेलं ते गेलं.

एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती. जागा नसेल तर बाकी सगळं कापा, पण ओबरलिन २५-० तेवढं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी
हाइड पार्क, शिकागो

ता. क. लेखासोबतचं छायाचित्र स्टॅग फील्डचं नाही. मागे रांगेने जे खांब दिसताहेत ते सोल्जर फील्डचे. स्टॅग फील्डच्या पश्चिम स्टँडला किल्ल्यासारखे बुरूज होते, आणि ते १९५७ मध्येच पाडले.